शनिवारी सहाची सौना

तुओवी पासोनेन वर्गात मोजे विणत असे, आणि ते थंडीसाठी नव्हे. समोर कोणाची संगणकाची स्क्रिप्ट अडली की तिचे हात शिवशिवत. राहून गेलेला अर्धविराम तिला लख्ख दिसतोय, कीबोर्ड हातभर अंतरावर आहे आणि त्याचा मालक मात्र कपाळाला आठ्या घालून भलत्याच ओळीकडे टक लावून बसलाय, अशा वेळी हात आवरणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून तिने हातांना लोकर आणि सुया देऊन टाकल्या. दुसऱ्याच्या कीबोर्डाला हात लावायचा नाही हा तिचा एकच कडक नियम, आणि तो मोडू नये म्हणून फिनलंडमधल्या कुओपिओतल्या निम्म्या ओळखीच्यांच्या पायात करडे मोजे आले.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. ज्याला त्याला आपलं वेबपान हवं होतं, आणि वेबपान आलं की त्यावर फॉर्म हवाच. केस कापणाऱ्या मिर्वाला गिऱ्हाइकांनी घरबसल्या वेळ ठरवावी असं वाटे, तर मधमाश्या पाळणाऱ्या काउकोला बरण्यांची मागणी फॉर्मवरून यावी असं. पान करणं सोपं होतं. पण फॉर्ममध्ये कोणी नाव लिहून बटण दाबलं की ते नाव उचलून योग्य जागी पोचवायचं काम पर्ल भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टचं, आणि तिथेच सगळ्यांची गाडी रुतत असे. त्या रुतलेल्या गाड्या दर मंगळवारी संध्याकाळी मोठ्या माणसांसाठीच्या नागरिक शाळेत तुओवीच्या वर्गात येत.

तिचं आधीचं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं होतं. गावच्या वर्तमानपत्रात दोघी समोरासमोर बसत. एकीने मजकूर मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद असं सगळं उच्चारून, आणि दुसरीने छापलेल्या कागदावर बोट फिरवायचं. संगणक आल्यावर मजकुरातला कचरा काढायला कोणीतरी पर्लच्या चार ओळी दाखवल्या आणि तुओवी त्या भाषेच्या प्रेमात पडली. "हिच्यात विरामचिन्हं जास्त आणि शब्द कमी. माझ्यासाठीच केलीय," असं ती सांगे. पुढे वर्तमानपत्राने मुद्रितशोधकांनाच नारळ दिला. तुओवीने आठवडाभर बर्फात स्की केलं, घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या आणि शाळेत जाऊन विचारलं की मंगळवारी एखादी खोली रिकामी असते का.

वर्गात वाचनाची तीच जुनी रीत चाले. ज्याची स्क्रिप्ट त्याने ती पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायची, चिन्हांसकट. निम्म्या चुका वाचणाऱ्याच्या जिभेला अडखळून तिथल्या तिथे पडत. सर्व्हर बिघडला की पडद्यावर पाचशे आकडा येई, तेव्हा लोक ताप आल्यासारखं सांगत, "मला कालपासून पाचशे आलाय." मिर्वाचा पाचशे साधा होता. उत्तराच्या मथळ्यानंतर एक रिकामी ओळ सोडायची ती विसरली होती, त्यामुळे पाकिटावरचा पत्ता कुठे संपतो आणि पत्र कुठे सुरू होतं हेच सर्व्हरला कळेना. काउकोने घरच्या विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट तशीच्या तशी वर चढवली होती. ओळीओळीच्या टोकाला एक न दिसणारं चिन्ह चिकटून आलं, आणि सर्व्हर बिचारा पर्लऐवजी शेपूटवाल्या पर्लला गावभर शोधत राहिला.

चूक किती मोठी ते वर्ग मोज्यावर मोजत असे. राहिलेला अर्धविराम म्हणजे एक ओळसुद्धा विणून व्हायची नाही. काउकोची शेपटी घोट्यापर्यंत गेली होती. एन्सिओ हूस्कोनेनच्या चुकीने मात्र अख्खी जोडी घेतली.

एन्सिओ निवृत्त बसचालक. उंच, सावकाश, टोपी टेबलावर काढून ठेवल्याशिवाय न बोलणारा. त्यात अस्सल सावो मुलखातला, म्हणजे तो बोलणार आणि अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. नोव्हेंबरात एका मंगळवारी त्याने टोपी काढून ठेवली.

"बिघडलंय का?" तुओवीने विचारलं. वर्गात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करत.

"आता बिघडलंय म्हणावं तर चालतंय," एन्सिओ म्हणाला. "आणि चालतंय म्हणावं तर लोक टॉवेल गुंडाळून उभे राहतायत."

मग तुकड्यातुकड्याने प्रकरण बाहेर आलं. त्याच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक सौना, म्हणजे वाफेने घाम काढायची खोली, होती. पूर्वी प्रत्येक घराची वेळ वर्षाची ठरलेली असे. दुरुस्तीनंतर रहिवाशांनी ठरवलं की दर आठवड्याला नव्याने वेळ घ्यायची, आणि एन्सिओ उत्साहाने म्हणाला, मी त्याचा फॉर्म करतो. रविवारी संध्याकाळी सहाला पुढच्या आठवड्याचा फॉर्म उघडायचा. ज्याने आधी बटण दाबलं त्याची वेळ. तीन रविवार झाले, आणि एका वेळेला दोन-दोन कुटुंबं सौनेच्या दाराशी येऊ लागली. दोघांकडेही "वेळ तुमची" असं सांगणारं ई-मेलचं टपाल.

"हात दाखवून अवलक्षण," काउको कोपऱ्यातून म्हणाला.

"ते चालवून घेतलं असतं," एन्सिओ म्हणाला. "पण गेल्या शनिवारी ओइवा आला."

ओइवा तिर्कोनेन म्हणजे बस आगारातला मेकॅनिक. तीस वर्षं एकाने गाडी बिघडवायची आणि दुसऱ्याने शिव्या घालत नीट करायची, असा त्यांचा संसार चालला होता. निवृत्तीनंतर दोघं एकाच इमारतीत राहात, एन्सिओ दुसऱ्या मजल्यावर, ओइवा चौथ्या. त्या शनिवारी ओइवाची मुलगी हेलसिंकीहून नवऱ्याला आणि सासऱ्याला घेऊन आली होती. ओइवाने दुपारपासून सौनेची फुशारकी मारली, बियर गार करायला ठेवली, आणि सहाच्या ठोक्याला पाहुण्यांची वरात टॉवेल खांद्यावर टाकून खाली नेली. दार उघडलं तर आत वरच्या बाकावर एन्सिओ, एकटा, लालबुंद, तापल्या दगडांवर पाणी ओततोय.

"मी म्हटलं, या ना सगळे. त्याने दार लावलं आणि पाहुण्यांना परत वर घेऊन गेला."

"त्याला सांगितलंस का, चूक यंत्राची आहे म्हणून?"

"सांगितलं. म्हणाला, यंत्र कोणी लिहिलं? मग म्हणाला, चालकाची सीट कायम राखीवच असते." एन्सिओने टोपी उगाच फिरवली. "आता मी लिफ्टमध्ये असलो की तो जिन्याने जातो. चौथा मजला आहे, आणि त्याचा गुडघा गेलेला आहे. मी खाली उभा राहून ऐकतो, कसा चढतोय ते. तुओवी, फॉर्म गेला खड्ड्यात. मला तो माणूस लिफ्टमध्ये परत हवाय."

तुओवीने नवा मोजा सुरू केला.

एन्सिओने स्क्रिप्ट वाचली, अथपासून इतिपर्यंत, बसथांब्यांची नावं पुकारावीत तशी. अडखळला कुठेच नाही. फाइल उघडणं, वेळ मोकळी आहे का बघणं, रहिवाशाला टपाल, मग दुसऱ्या कोणाला मध्ये शिरता येऊ नये म्हणून फाइलला कुलूप, नाव लिहिणं, कुलूप काढणं. कुलूप हा शब्द आला तेव्हा तो जरा ताठ बसला, कारण नवशिके कुलूप विसरतात असं पुस्तकात वाचून त्याने ते मुद्दाम घातलं होतं. तुओवीनेही समाधानाने मान हलवली. मग तिने त्याला वेळ घ्यायला लावली. मिळाली. मिर्वाला तीच वेळ मागायला लावली. स्क्रिप्टने नम्रपणे नकार दिला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर्व्हरच्या चुकांच्या नोंदीत एक अक्षर नव्हतं. ताप आलेलं पोर वैद्याच्या दारात टुणटुणीत होतं, तशी गत.

पुढच्या मंगळवारीही तेच. पहिला मोजा संपला. तुओवीला घरी भाजी चिरताना, रस्त्यावर बर्फ चुकवत चालताना ती स्क्रिप्ट पाठ म्हणावीशी वाटू लागली. आपल्याला ही चूक दिसत नाही याचा तिला मनापासून राग आला. आणि त्याहून जास्त, एन्सिओ दर वेळी टोपी घालून "बघू" म्हणत निघून जाई ते तिला बघवेना.

चूक सापडली ती कॉफीच्या सुट्टीत. शाळेची घंटा झाली की वर्ग एकदम उठे, कारण कॉफीला उशीर हा कुओपिओत गुन्हा आहे. वेलदोड्याचे गोड पाव संपत आले आणि ताटात शेवटचा एक उरला. शेवटचा पाव कोणी घ्यायचा नसतो. सगळे त्याच्याकडे न बघता बघत उभे राहिले. बराच वेळ गेल्यावर मिर्वाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, कोणाला नकोय. काउकोनेही पाहिलं, कोणाला नकोय. मिर्वा वळून शेजारणीला म्हणाली, "घेते हं मी," काउको एन्सिओला म्हणाला, "वाया जाण्यापेक्षा," आणि दोघांचे हात एकाच पावावर पडले.

"तू घे," मिर्वा म्हणाली.

"छे, तू घे. तू आधी बघितलास."

"बघितला तूही."

तुओवीचा कप बशीवर आपटला. "एन्सिओ," ती म्हणाली, "रविवारी सहाला तुझ्या इमारतीत नेमकं काय होतं?"

"सहा वाजतात."

"आणि?"

"रेडिओवर बातम्यांच्या आधीचे ठोके पडतात. शेवटच्या ठोक्याला सगळे बटण दाबतात." एन्सिओला प्रश्नच कळला नव्हता. सहा म्हणजे सहा. त्याआधी दाबलं तर फॉर्म घेत नाही, आणि नंतर दाबणारा माणूस आळशी. त्याच्या इमारतीत आळशी कोणी नव्हतं.

पाव कोणी खाल्ला ते आजवर कळलेलं नाही, कारण तुओवीने सगळ्यांना हाकलत वर्गात नेलं. प्रत्येकाने एकेका संगणकापुढे बसायचं, शनिवारी सहाची वेळ भरायची आणि बटणावर बोट ठेवून थांबायचं. तिने टाळी वाजवली.

"मला मिळाली," मिर्वा म्हणाली.

"मलाही," काउको म्हणाला.

"मला पण मिळाली," खिडकीजवळून आवाज आला, आणि मग आणखी एक. एन्सिओच्या सौनेत त्या क्षणी परस्परांना नीटसे न ओळखणारे चार जण एकत्र घाम गाळायला बसले असते.

एन्सिओ हसला नाही. तो पडद्याकडे बघत राहिला.

"वाच," तुओवी म्हणाली. चूक आता तिला उघडीनागडी दिसत होती. नेमकं कुठे घोडं पेंड खातंय ते दिसत होतं, तिची बोटं सुयांवर पांढरी पडली होती, आणि पहिल्याच दिवशी कुलूप आहे एवढ्यावर समाधान मानून ते कुठे आहे हे आपण पाहिलं नाही याची तिला लाज वाटत होती. पण ती पुन्हा एवढंच म्हणाली, "वाच. सावकाश."

एन्सिओने वाचलं. "फाइल उघडतो. वेळ मोकळी आहे का बघतो. मोकळी आहे. टपाल पाठवतो." टपाल जायला दोन-तीन सेकंद सहज लागत. "मग कुलूप..." तो थांबला. पुन्हा वर गेला. ओठ हलले, आवाज आला नाही.

"काय झालं?" मिर्वाने विचारलं.

"सौनेत डोकावून बघायचं," एन्सिओ अगदी हळू म्हणाला, "कोणी नाही ना, म्हणून घरी जायचं, सगळ्यांना फोन करून सांगायचं की सौना माझी. मग खाली येऊन आतून कडी लावायची. असं कोण करतं?"

"तू," काउको म्हणाला.

आता एन्सिओ हसला. "अरे, मी बसचालक आहे. माणूस चढला की आधी तिकीट हातात, मग बाकीचा हिशोब. तीस वर्षं तेच केलं. टपाल म्हणजे तिकीटच ना. हात आपोआप तसा चालला."

त्याने स्वतःच ओळी हलवल्या. आधी कुलूप, मग बघणं, लगेच लिहिणं, कुलूप काढणं, आणि सगळ्यात शेवटी टपाल. एका अर्धविरामाचा बळी गेला, तोही त्यालाच सापडला. तुओवीने पुन्हा टाळी वाजवली. वेळ खिडकीजवळच्या एकाला मिळाली आणि बाकी सगळ्यांना नकार, तोही एन्सिओच्या गोड भाषेत: "क्षमस्व, ही वेळ गेली. रविवार सकाळचा विचार करून पाहावा, तेव्हा गर्दी नसते."

"छान झालं. आता ओइवाला कोण सांगणार?" मिर्वाने विचारलं.

एन्सिओने टोपी उचलली. "सांगून तो ऐकणारा नाही," तो म्हणाला. मग दारातून मागे वळून तुओवीला म्हणाला, "रविवारी कॉफीला येतेस? सहाच्या आत."

रविवारी तुओवी गेली तेव्हा एन्सिओच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता, मॉडेम चिरकून जोडलं गेलं होतं, आणि टेबलावर राय धान्याच्या पावात भाजलेले मासे कापून ठेवलेले होते. खाली नोटीस त्याने दोन दिवसांपूर्वीच लावली होती, फॉर्म दुरुस्त झाला म्हणून. ओइवाने ती वाचली होती. वाचून जिन्याने वर गेला होता.

पडद्यावर फॉर्म तयार होता. नाव हूस्कोनेन, वेळ शनिवार सहा.

"हे काय?" तुओवी म्हणाली. "तू कशाला मागतोयस? सोडून दे त्याला. त्याला मिळेल, राग जाईल."

"मी मागितली नाही तर ती माझी भीक होईल," एन्सिओ म्हणाला. "आणि तो लेकाचा ओळखेल. तीस वर्षं माझ्या इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचा की कुठे दुखतंय."

"आणि तुलाच मिळाली तर?"

एन्सिओने खुर्ची पडद्याजवळ ओढली. त्याची मान लाल झाली होती.

चोख झालेली स्क्रिप्ट कोणाचा मित्र कोण ते बघत नाही. जो आधी आला त्याची वेळ, बस. तो जर एन्सिओ निघाला तर चौथ्या मजल्यावरच्या माणसाला जन्मात कोणी पटवू शकणार नव्हतं. एन्सिओचं कोपर तिच्याजवळ होतं. शेवटच्या ठोक्याला जरासा धक्का लागला असता, कॉफी सांडली असती, म्हातारीचा हात थरथरला असं झालं असतं. मोज्याची पिशवी बाहेर खुंटीवर राहिली होती. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

ठोके पडले. शेवटच्यावर एन्सिओने बटण दाबलं, अगदी ठोक्यावर, लबाडी न करता. तिने डोळ्यांनी पाहिलं. मॉडेमचे दिवे लुकलुकले. बातम्या सुरू झाल्या. पान वरून खाली हळूहळू रंगत आलं.

"क्षमस्व, ही वेळ गेली."

एन्सिओने श्वास सोडला. खाली कोणाचं नाव लागलंय ते यायला आणखी वेळ लागला, आणि तेवढ्यात दोघांच्या मनात इमारतीतली सगळी बिऱ्हाडं येऊन गेली. मग नाव उमटलं. ओ. तिर्कोनेन.

"मला माझ्याच यंत्राने उतरवलं," एन्सिओ म्हणाला, आणि त्याला इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. तुओवीलाही हसू आवरेना. पण हसता हसता तो दाराकडे बघत होता हे तिला दिसलं. ओइवाला वेळ मिळाली हे ओइवाला कळलं असेल. एन्सिओला नकार मिळाला हे त्याला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी तो विश्वास का ठेवेल?

पाव खाऊन झाला, कॉफी ओतून झाली, हवामानाच्या बातम्याही संपल्या. मग भिंतीमागे लिफ्टची घरघर झाली. ती दुसऱ्या मजल्यावर थांबली.

दारात एक ठेंगणा, रुंद माणूस उभा होता, एका पायावर भार देऊन. त्याने तुओवीकडे बघून मान हलवली, एन्सिओकडे बघितलंच नाही, आणि सरळ संगणकाकडे गेला.

"बघतो जरा," ओइवा म्हणाला. "या वेळी आत कोण बसलंय ते."

तो चष्मा आणायला विसरला होता. नाक पडद्याला टेकवून त्याने एकेक अक्षर वाचलं. "क्षमस्व. ही वेळ गेली. रविवार... सकाळचा... विचार करून पाहावा." तो सरळ झाला. "हे तुला आलं?"

"मला."

"तू लिहिलेल्याने तुलाच?"

"मलाच."

ओइवाने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं, जणू बॉनेट उघडून आतलं इंजिन बघतोय. मग खुर्ची ओढली आणि बसला, गुडघा चोळत.

"शनिवारी सहाला ये," तो म्हणाला. "पाहुणे नाहीत. मी एकटाच आहे."

"वेळ तुझी आहे," एन्सिओ म्हणाला.

"म्हणून तर बोलावतोय. माझी नसती तर कसं बोलावलं असतं?"

एन्सिओ कप शोधायला उठला, दोन कपाटं उघडली, बंद केली, आणि तिसरा कप समोरच टेबलावर असल्याचं तुओवीने त्याला दाखवलं.